एमडी५ वरून आर्गॉन२ वर: एका जुन्या पोर्टलचे पासवर्ड बदलताना गेलेले आठ महिने

४ जानेवारीच्या रात्री एका सभासदाचा ईमेल पत्ता दुरुस्त करायला म्हणून मी युजर्सचं टेबल उघडलं. पोर्टल एका संस्थेचं, सभासद ४,२१७, कोड जुना पीएचपी आणि मायएसक्यूएल, आणि माझ्याकडे येऊन जेमतेम महिना झालेला. आधीच्या डेव्हलपरने हस्तांतराचं म्हणून दीड पान लिहून दिलं होतं, त्यात पासवर्डबद्दल एक ओळ होती: "एन्क्रिप्टेड आहेत." कॉलम बघितला तर प्रत्येक ओळीत बरोब्बर ३२ अक्षरं. आणि स्क्रोल करता करता ई१०एडीसी३९४९ ने सुरू होणारी तीच ती ओळ परत परत दिसायला लागली. ज्यांनी या विषयाला कधी हात लावलाय त्यांना ती ओळ पाठ असते, १२३४५६ या पासवर्डचा एमडी५ हॅश आहे तो, म्हणजे एमडी५ या पद्धतीने पासवर्डवरून काढलेला, उलटा फिरवता न येणारा ठसा. मोजले, ३१ खाती निघाली.

पोटात गोळा आला, खरंच. कारण एकसारखे पासवर्ड एकसारखे दिसतायत याचा अर्थ सॉल्ट नाही, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा रँडम तुकडा नाही, आणि वरून एमडी५. हे टेबल उद्या कोणाच्या हाती लागलं तर आमच्या पोर्टलपुरतं ते राहणार नाही, कारण लोक तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात. त्या लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून तो टाइप केलाय. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे सगळं आता संपलंय म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा कोड कसा लिहायचा ते पन्नास ठिकाणी सापडलं पण चालू पोर्टलवर, झोपलेल्या खात्यांसकट, हे कसं पार पाडायचं ते सलग कुठे मिळेना.

पहिले दोन दिवस फक्त वाचलं. एमडी५ १९९१ चा, रॉन रिव्हेस्ट यांचा, आणि तो मुद्दाम वेगवान बनवलेला आहे, मोठ्या मजकुराचा ठसा पटकन निघावा म्हणून. पासवर्डसाठी तोच वेग घातक. आजचं एक वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर अब्जांच्या वर एमडी५ काढतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे पासवर्ड धरले तर २६ चा आठवा घात, म्हणजे साधारण २०,८८३ कोटी. दोन सेकंदांचं काम. आणि गंमत नाही पण वाईट वाटलं ते याचं की उपाय जुना आहे: रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की हॅश मुद्दाम संथ करा आणि सॉल्ट घाला. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचं बीक्रिप्ट आलं, ज्यात संथपणाचा आकडा आपण वाढवू शकतो, एकाने वाढवला की वेळ दुप्पट. २००९ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांचं एसक्रिप्ट आलं, ते वेळेबरोबर मेमरीही खातं. मग पासवर्ड हॅशिंगची एक खुली स्पर्धा झाली आणि २०१५ मध्ये त्यात आर्गॉन२ जिंकलं, लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या लोकांचं. मेमरी खाण्याचं महत्त्व असं की ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे कोअर असतात पण प्रत्येकाला द्यायला तेवढी मेमरी नसते, त्यामुळे हल्ला करणाऱ्याचा वेग तिथेच अडतो.

मला वाटलं होतं आता दोन ओळी बदलल्या की झालं. पण पोर्टल माझं नाही, संस्थेचं आहे. बदल करायचा तर कार्यकारिणीची मंजुरी, आणि त्यासाठी अर्ज. ७ जानेवारीला अर्ज दिला, एक पान, त्यात तीनच गोष्टी: आत्ता काय आहे, काय करायचंय, पोर्टल किती वेळ बंद राहील. सचिवबाईंचा फोन आला, "अहो, इतकी वर्षं काही झालं नाही ना, मग आत्ता कशाला हात लावताय?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं एका वाक्यातलं उत्तर नव्हतं. मी सांगितलं की काही झालं नाही हे आपल्याला कळलेलं नाही एवढंच खरं आहे. बैठक १९ तारखेला होती, म्हणजे बारा दिवस थांबणं आलं.

बैठकीत मी स्लाइड वगैरे नेल्या नाहीत. स्वतःच्या टेस्ट खात्याचा हॅश घेतला, पासवर्ड आठ लहान अक्षरांचा ठेवलेला, आणि एका साध्या गेमिंग लॅपटॉपवर हॅशकॅट हे हॅश फोडायचं सॉफ्टवेअर चालवून सगळ्यांसमोर तो उघडला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग २००९ चं रॉकयू या कंपनीचा डेटा फुटल्याचं उदाहरण दिलं, ३ कोटी २० लाख पासवर्ड सरळ वाचता येतील असे साठवलेले होते, आणि २०१२ चं लिंक्डइनचं, ६५ लाख हॅश बाहेर आले, सॉल्ट नसलेले एसएचए-१, तोही एमडी५ सारखाच वेगवान हॅश. खोलीत शांतता झाली. खजिनदारांनी एवढंच विचारलं, "खर्च किती?" सॉफ्टवेअरचा शून्य, सर्व्हर तोच चालला तर तिथेही शून्य, वेळ माझा. मंजुरी मिळाली, पण लेखी, आणि दोन अटींवर: बॅकअपशिवाय काही करायचं नाही, आणि सभासदांना आधी कळवायचं. या दोन्ही अटी पुढे माझ्याच उपयोगी पडल्या. तुम्हीही लेखी घ्या. रात्री अकरा वाजता काही बिघडलं तर तो कागद आपल्या मागे उभा असतो.

२० जानेवारीपासून स्टेजिंगवर, म्हणजे पोर्टलच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर, काम सुरू. पीएचपीत २०१३ पासून, म्हणजे ५.५ पासून, पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही फंक्शन आहेत, सॉल्ट ते स्वतः बनवतात आणि हॅशमध्येच ठेवतात, आपण काही जोडायचं नाही. पहिल्यांदा बीक्रिप्ट घेतलं. आमच्या सर्व्हरवर कॉस्ट (तोच संथपणाचा आकडा) १० ला ६५ मिलिसेकंद, ११ ला १३०, १२ ला २६०. बाराला माणसाला फरक जाणवत नाही, ठरवलं बारा.

मग सहज म्हणून मराठीत लांब पासवर्ड टाकून बघितला. आमचे बरेच सभासद मराठीत लिहिणारे आहेत, कोणी टाकेलच. मी टाकलं "निळ्या छत्रीखाली झोपलेलं मांजर". लॉगिन झालं. मग "निळ्या छत्रीखाली झोपलेलं माकड" टाकलं. तरीही लॉगिन झालं! मला आधी वाटलं सेशन जुनं राहिलंय, दुसऱ्या ब्राउजरमधून केलं, तेच. तासभर गेल्यावर कळलं की बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं, पुढचं मुकाट सोडून देतं. इंग्रजीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं, कोणी तिथवर पोचत नाही. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे चोवीस चिन्हं, की संपलं. वरच्या वाक्यात ७२ बाइट बरोब्बर तिसऱ्या शब्दानंतरच्या "म" वर संपतात, त्यामुळे मांजर काय, माकड काय, त्याला सारखंच. जी गोष्ट इंग्रजी टाइप करणाऱ्याला आयुष्यात भेटणार नाही ती आपल्याला चार शब्दांत भेटते. यावर तोडगा आहे, आधी एसएचए-२५६ हा दुसरा हॅश काढून, बेस६४ करून (साध्या अक्षरांत लिहून) मग बीक्रिप्ट (कच्चे बाइट द्यायचे नाहीत, मध्ये शून्य बाइट आला तर वेगळाच घोळ), पण मला असं जुगाड करून ठेवायचं नव्हतं, पुढे जो कोणी हे सांभाळेल त्याला ते समजावं लागेल. आर्गॉन२ ला ही मर्यादाच नाही. म्हणून आर्गॉन२आयडी ठरवलं, बाजूचे सिग्नल बघून होणारा हल्ला आणि ग्राफिक्स कार्डवरचा हल्ला दोन्हींचा विचार करून केलेला तो प्रकार आहे.

पण होस्टिंगवरच्या पीएचपीमध्ये आर्गॉन२ नव्हतंच. पीएचपी ७.३ पासून आर्गॉन२आयडी मिळतं हे खरं, पण पीएचपी बांधताना ते जोडलेलं असावं लागतं, आणि आमच्याकडे नव्हतं. बघायचं असेल तर पासवर्ड_अल्गोज हे फंक्शन चालवा, यादी येते. २२ जानेवारीला होस्टिंगवाल्यांकडे मदतीचं तिकीट टाकलं. पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी: कॅश क्लिअर करून बघा. मी परत लिहिलं, यादीचा स्क्रीनशॉट जोडला. दोन दिवस काही नाही. मग ग्राहक क्रमांक आणि खातेधारकाच्या नावाची पडताळणी मागितली, खातं संस्थेच्या जुन्या अध्यक्षांच्या नावावर, त्यांच्याकडून ईमेल यायला अजून दोन दिवस. शेवटी २९ तारखेला दुसरं पीएचपी पॅकेज चालू करून मिळालं. यात शिकले ते एवढंच की तिकिटात पहिल्याच वेळी तीन गोष्टी लिहायच्या: आत्ता काय दिसतं, काय दिसायला हवं, आणि खात्याचा क्रमांक. आणि खातं आत्ताच्या पदाधिकाऱ्यांच्या नावावर आहे का ते काम सुरू करायच्या आधी बघायचं.

१ फेब्रुवारीला लोड टेस्ट. पीएचपीचे आर्गॉन२ चे मूळ आकडे म्हणजे ६४ एमबी मेमरी आणि चार फेऱ्या. एकट्याने लॉगिन करून बघितलं, छान. मग एकाच वेळी ४० लॉगिन सोडले आणि वीस सेकंदांत स्टेजिंग मेलं, डेटाबेससकट. आता हिशेब केला तर उघड आहे, ४० गुणिले ६४ म्हणजे २,५६० एमबी, आणि सर्व्हरची मेमरी सगळी मिळून दोन जीबी. ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरी मोकळी करायला सगळ्यात मोठी प्रोसेस मारली, ती नेमकी मायएसक्यूएल. हे लाइव्हवर झालं असतं तर? वार्षिक निवडणुकीच्या दिवशी आमच्याकडे एका मिनिटात तेवढे लोक येतात. मग ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला पकडला, १९ एमबी, दोन फेऱ्या, एक थ्रेड. ४० लॉगिनना ७६० एमबी. सर्व्हर तगला, एका लॉगिनला ४५ मिलिसेकंद. आरएफसी ९१०६ मध्ये, म्हणजे आर्गॉन२ च्या तांत्रिक दस्तऐवजात, दोन जीबी आणि ६४ एमबी असे दोन पर्याय सुचवलेत, ते ज्याच्याकडे तेवढी मेमरी आहे त्याच्यासाठी. आकडे कुठूनही घ्या, पण आपल्या सर्व्हरवर आपल्या गर्दीच्या वेळेइतके लॉगिन एकदम सोडून बघितल्याशिवाय लाइव्ह करू नका. आणि लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, कारण हॅश जड झाला की खोटे लॉगिन मारून सर्व्हर दमवणंही सोपं होतं.

त्याच आठवड्यात एक दिवस असा गेला की स्टेजिंगवर कोणाचंच लॉगिन होईना. सगळे पासवर्ड चूक. कारण बीक्रिप्टसाठी मी कॉलम ६० अक्षरांचा केला होता, बीक्रिप्टचा हॅश बरोबर ६० चा असतो. आर्गॉन२आयडीचा माझ्या आकड्यांना ९७ होतो. आणि जुन्या सेटिंगमुळे मायएसक्यूएलचा कडक मोड बंद, त्यामुळे एरर न देता त्याने शेपूट कापून ६० अक्षरं ठेवली. कॉलम २५५ चा करा, पहिल्याच दिवशी, आणि कडक मोड चालू करा. लाइव्हवर कापलेले हॅश परत मिळवता येत नाहीत.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला ते. बहुतेक ठिकाणी सांगतात की युजर पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा पासवर्ड तुमच्या हातात असतो, तेव्हा जुना हॅश तपासा आणि नवा लिहा. बरोबर आहे. पण मी बघितलं तर गेल्या वर्षभरात लॉगिन केलेले सभासद १,५८०. उरलेले २,६३७ आलेच नव्हते, काही वयस्कर, काहींनी सभासदत्व सोडलेलं, काही बहुधा हयातही नसतील. त्यांचा एमडी५ तसाच पडून राहणार, वर्षानुवर्षं. आणि त्यांनाच आपलं रक्षण करायला स्वतः काही करता येत नाही, त्यांना आठवतही नसेल की आपला पासवर्ड इथे आहे. मला ते पटेना. ज्याने रोज यायचं थांबवलंय त्याच्या पासवर्डची जबाबदारी आपल्यावर उलट जास्त आहे असं मला वाटतं.

यावरचा उपाय म्हणजे गुंडाळणं. डेटाबेसमध्ये जो एमडी५ आहे त्यालाच पासवर्ड समजून त्याच्यावर आर्गॉन२ चालवायचं आणि मूळ एमडी५ पुसून टाकायचा. कोणाचा पासवर्ड माहीत असायची गरज नाही, सगळी ४,२१७ खाती एका रात्रीत. लॉगिनला आधी एमडी५ काढायचा, मग तो आर्गॉन२ शी पडताळायचा, जुळला की त्याच क्षणी खऱ्या पासवर्डचा थेट आर्गॉन२ हॅश करून ठेवायचा. त्यासाठी एक छोटा कॉलम जोडला, पासवर्डचा प्रकार: १ म्हणजे गुंडाळलेला, २ म्हणजे थेट.

गुंडाळून थांबायचं मात्र नाही. समजा त्याच माणसाचा तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या साइटवरून साध्या एमडी५ रूपात फुटलाय, तर हल्ला करणारा ते फुटलेले एमडी५ च आमच्या आर्गॉन२ वर एकेक करून लावून बघू शकतो, आणि एक जुळला की तो एमडी५ बाजूला नेऊन आपल्या सोयीने, पूर्ण वेगात फोडू शकतो. मक्याचं साल सोलावं तसं वरचं आवरण निघतं. म्हणून गुंडाळणं ही मधली पायरी, आणि मधल्या पायरीला शेवटची तारीख हवी. मी सहा महिने ठरवले.

८ फेब्रुवारीला पाच सभासदांना स्टेजिंगवर बोलावलं. चार जणांचं झालं. पाचव्या काकांचं होईना, ते म्हणाले, "अगं, लाइव्हवर तर आत्ता चालला हाच पासवर्ड." त्यांना विचारलं पासवर्ड सांगू नका, फक्त सांगा त्यात काही वेगळं चिन्ह आहे का. होतं, एक अवतरण चिन्ह. जुना कोड शोधला तर एमडी५ च्या आधी ट्रिम आणि ॲडस्लॅशेस, म्हणजे कडेच्या स्पेस काढून आणि अवतरण चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घालून मग हॅश. कधीकाळी कोणीतरी एसक्यूएल इंजेक्शनच्या (टाइप केलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलती आज्ञा घुसवण्याच्या) भीतीने ते घातलं असणार. म्हणजे गुंडाळलेल्या खात्यांसाठी हे जुनं सगळं जसंच्या तसं पाळायचं, ट्रिमसकट, आणि थेट हॅशला मात्र पासवर्ड आहे तसा घ्यायचा. काका आले नसते तर किती जण बाहेर अडकले असते कोण जाणे. टेस्टिंगला माणसं बोलवा, आणि त्यात विचित्र पासवर्ड वापरणारं कोणीतरी असू द्या.

एक फरक मात्र मी थेट हॅशमध्ये मुद्दाम ठेवला: युनिकोड एकसारखं करून घेणं. "दुसऱ्या" मधला ऱ एका कीबोर्डवरून एकच चिन्ह म्हणून येतो आणि दुसरीकडून र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनी, डोळ्यांना एकच पण बाइट वेगळे, म्हणजे हॅशही वेगळा. मोबाइलवर चालणारा पासवर्ड कॉम्प्युटरवर चालत नाही अशी तक्रार आधी आलेलीच होती, तिचं कारण हेच निघालं. नॉर्मलायझर लावून एनएफसी रूप घेतलं की सुटलं.

कोड चाळताना अजून एक सापडलं ज्याने मी खरोखर घाबरले. "मला लक्षात ठेवा" ची कुकी. ती बनवली होती युजरनेम आणि पासवर्ड जोडून त्याच्या एमडी५ ने, आणि तपासायला तोच हॅश डेटाबेसमध्ये दुसऱ्या टेबलात पडलेला. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचा डेटा फुटला तेव्हा त्यांचे पासवर्ड बीक्रिप्टने, कॉस्ट १२ ने ठेवलेले होते, उत्तम, पण बाजूला एमडी५ ने बनवलेले टोकन होते, आणि त्या वाटेने १ कोटी १० लाखांच्या वर पासवर्ड काही दिवसांत निघाले. पुढचं दार कितीही भक्कम केलं तरी मागचं उघडं. ते टेबल पूर्ण रिकामं केलं, आता रँडम टोकन बनतं आणि डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश राहतो. तुमच्याकडे पासवर्डपासून अजून काय काय बनवलं जातं ते आख्ख्या कोडमध्ये एमडी५ हा शब्द शोधून बघाच. आमच्याकडे २३ ठिकाणी निघाला. बराचसा निरुपद्रवी होता, फाइलींची नावं वगैरे.

सभासदांना ईमेल १० तारखेला गेला. त्यात लिंक एकही नव्हती, मुद्दाम. पासवर्ड बदला, इथे क्लिक करा असा ईमेल आपणच पाठवला तर लोकांना फसव्या ईमेलची सवय आपणच लावतो. फक्त एवढंच लिहिलं: १५ तारखेला रात्री ११ ते १२ पोर्टल बंद, नंतर नेहमीच्याच पासवर्डने या, एकदा परत लॉगिन करावं लागेल, आम्ही पासवर्ड फोनवर कधीही विचारणार नाही.

१५ फेब्रुवारी, रात्री ११. पोर्टल बंद केलं, बॅकअप घेतला, तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर चढवून उघडतो का ते बघितलं, यालाच पंचवीस मिनिटं गेली. मग स्क्रिप्ट. ४,२१७ ओळी, तीन मिनिटं आणि काही सेकंद. हात थंड पडले होते. संपल्यावर मोजलं: ९७ अक्षरांचे नसलेले हॅश किती? शून्य. एकसारखे हॅश किती? शून्य. ती ३१ खाती आता ३१ वेगवेगळ्या ओळी दाखवत होती, प्रत्येकाचा सॉल्ट वेगळा. पाच टेस्ट खात्यांनी लॉगिन करून बघितलं आणि ११:४० ला पोर्टल चालू केलं.

सकाळी पावणेआठला पहिला फोन. ऑफिसमधून रिपोर्ट काढायचं जे वेगळं पान आहे, ते उघडेना. त्याचं लॉगिन स्वतंत्र, एसक्यूएलच्या आतच एमडी५ लावून तुलना करणारं, म्हणून माझ्या शोधात ते पीएचपीच्या फायलींत आलं नव्हतं, ती क्वेरी स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये होती. दुपारपर्यंत ते पान मुख्य लॉगिनवर वळवलं. याशिवाय दिवसभरात सभासदांच्या एकूण नऊ तक्रारी, त्यातले सहा जण पासवर्ड विसरलेले, दोन जण जुन्या बुकमार्कवर जाणारे, आणि एकच खरी चूक, ती ट्रिमची, नवा पासवर्ड ठेवताना शेवटी स्पेस पडलेली. लॉगिन चुकल्यावर येणाऱ्या उत्तरातही एक बदल त्या आठवड्यात केला. नसलेला ईमेल टाकला तर उत्तर लगेच यायचं आणि असलेला टाकला तर ४५ मिलिसेकंद उशिरा, त्यावरून कोण सभासद आहे हे बाहेरच्याला मोजता आलं असतं. आता खातं नसेल तरी एका खोट्या हॅशवर पडताळणी चालवतो.

जुन्या बॅकअपचं काम कंटाळवाणं पण ते टाळलं असतं तर सगळं फुकट. तेच एमडी५ मागच्या तीन वर्षांच्या बॅकअपमध्ये, एका पेन ड्राइव्हवर, आणि आधीच्या डेव्हलपरच्या मशिनवरही होते. त्यांना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी पुसून तसं लेखी कळवलं, मनापासून आभार. बाकीच्यातून पासवर्डचा कॉलम काढून बॅकअप पुन्हा ठेवले. १५ तारखेचा बॅकअप तीस दिवस कुलूपबंद ठेवला, मग तोही नष्ट केला, कार्यकारिणीच्या नोंदवहीत तारखेसह. पेपर (कागद नव्हे, मिरी), म्हणजे डेटाबेसच्या बाहेर ठेवलेली एक गुप्त किल्ली सगळ्या हॅशमध्ये मिसळणं, यावरही विचार केला पण सोडून दिलं. किल्ली हरवली की एकही सभासद आत येऊ शकत नाही, आणि आमच्याकडे ती सांभाळायची नीट व्यवस्था अजून नाही.

नंतर फक्त वाट बघणं. मी दर सोमवारी एकच क्वेरी चालवायचे, प्रकार १ किती उरले. मेच्या मध्यापर्यंत १,४१२ जण थेट हॅशवर आले होते. जूनमध्ये अजून एक ईमेल, आणि ज्यांचा ईमेल चालत नाही त्यांना टपालाने पत्र, त्यातून काहीशे आले. सहा महिने उलटून गेल्यावर, १८ ऑगस्टला, २,३९० उरले होते. त्यांचे गुंडाळलेले हॅशही पुसले, रकाना रिकामा केला, ते कधी आले तर ईमेलवरून किंवा ऑफिसमधून ओळख पटवून नवा पासवर्ड ठेवतील. याला कार्यकारिणीची वेगळी मंजुरी लागली, पण यावेळी सचिवबाईंनी स्वतःच ठराव मांडला. माझे तास लिहून ठेवले होते, ६३ झाले, त्यातले प्रत्यक्ष हॅशिंगच्या कोडचे चार.

पुढच्या आकड्यांसाठी पासवर्ड_नीड्स_रीहॅश हे फंक्शन लावून ठेवलंय, मेमरी वाढवली की सेटिंगमध्ये १९ च्या जागी मोठा आकडा टाकायचा, लोक येतील तसे त्यांचे हॅश आपोआप बदलतील.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमधून फोन आला, एक आजी आल्यात, सहा वर्षांनी, पासवर्ड आठवत नाही म्हणतायत. त्यांना नवा ठेवून दिला, त्यांनी स्वतः टाइप केला, आम्ही स्क्रीनकडे पाठ केली होती. संध्याकाळी टेबलात त्यांची ओळ बघितली. प्रकार २, ९७ अक्षरं.